कचकड्याच्या बांगड्या

बांगडी फुटली असं आमच्या घरात कुणी म्हणायचं नाही. वाढवली म्हणायचं. पाटावरून उठताना हात भिंतीला लागून काच खळ्कन खाली पडली, तरी तोंडातून "वाढवली गं बाई" हेच निघायचं. मी एकदा शाळेतून घरी येऊन मोठ्यानं "आज माझ्या बांगड्या फुटल्या" म्हणाले, तर भाकरी थापत बसलेल्या आईनं उठून पिठाच्या हातानं माझ्या तोंडावर चापट मारली. ओठावर पीठ घेऊन मी रडत बसले. आम्ही कासार, बांगड्या विकून जेवणारी माणसं. ज्या फुटण्यावर आमची चूल पेटायची, त्याचंच नाव घ्यायची आम्हाला बंदी होती. आता या वयात त्याची गंमत वाटते, पण तेव्हा एकादशीच्या उपासाइतका तो पक्का नियम होता.

नाशकात गंगेकडे उतरणाऱ्या एका बोळात आमचं घर होतं. गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो, परगावचे लोक हसले तर हसू देत. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत आम्ही, आणि मधल्या खोलीत नुसत्या बांगड्या. दोरीत ओवलेल्या माळा खुंट्यांना टांगलेल्या असायच्या. वाऱ्याची झुळूक आली किंवा बोळातून बैलगाडी गेली, की त्या सगळ्या किणकिणायच्या. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. गल्ल्यावर पाठमोरे बसलेले असतानाही त्यांना घरातली कोणती बाई कुठं आहे ते कळायचं. "अक्का विहिरीवर गेली का रे? आई पाटा धुतेय वाटतं," असं ते मान न वळवता म्हणायचे आणि बरोबर निघायचं. आईच्या बांगड्या जड वाजायच्या. माझी थोरली बहीण अक्का, तिच्या घाईघाईनं वाजायच्या, कारण ती सगळी कामं पळत करायची. माझ्या बांगड्यांबद्दल दादा म्हणायचे, "हिच्या वाजत नाहीत, भांडतात."

बांगड्या भरण्याचं काम आईचं. बुधवारी गंगेच्या काठी बाजार भरायचा, तिथं एका ठरलेल्या पिंपळाखाली आई बसायची आणि पंचवटीपासून मखमलाबादेपर्यंतच्या बायका तिच्यापुढं हात करायच्या. आई आधी हात बघायची नाही, नुसता धरायची. अंगठ्याच्या बुडाला दाबून, बोटं एकत्र मिटून, बाईशी सासूबद्दल नाहीतर म्हशीबद्दल बोलत बोलत ती बांगडी अशी सरकवायची, की बाईला कळायच्या आत ती मनगटात बसलेली असायची. चापून बसलेली. तिची बांगडी खाली ओघळायची नाही आणि रुतायचीही नाही. "सैल बांगडी भरणं म्हणजे उष्ट्या हातानं वाढणं," असं ती म्हणायची. भरून झालं की बाई वाकून नमस्कार करायची. मग ती आमच्याहून कितीही मोठ्या घरची असो. कासाराला नमस्कार केल्याशिवाय उठायचं नाही अशी रीतच होती. आई वर एक बांगडी जास्तीची भरायची आणि म्हणायची, "जन्मसावित्री हो." दिवसभरात हे इतक्यांदा व्हायचं, की मला वाटायचं, झोपेत कुणी वाकलं तरी आईच्या तोंडून हेच निघेल.

तर अशा आमच्या घरी मुंबईहून मगनभाई आले. काळी टोपी, कडक इस्त्रीचा कोट, आणि हातात एक चपटी पेटी. त्यांनी पेटी उघडली आणि गुलाबी, मोतिया, शेवाळी रंगांच्या बांगड्या बाहेर काढल्या. काचेसारख्या चमकत नव्हत्या, पण साय धरलेल्या दुधासारखा त्यांना एक मऊपणा होता. कचकड्याच्या बांगड्या. आम्ही कचकड्याच्या बाहुल्या पाहिल्या होत्या, बांगड्या पहिल्यांदाच पाहत होतो. मगनभाईंनी एक उचलली, फरशीवर आपटली, आणि बुटाखाली घेऊन वर उभे राहिले.

"बघा काकी, फुटत नाय! पडू द्या, आपटू द्या, फुटत नाय!"

त्यांनी तो शब्द इतक्यांदा उच्चारला, की शेवटी आई पदर कानावर ओढून आत निघून गेली. बिचाऱ्यांना वाटलं, काकींना माल आवडला नाही.

मग दादांशी बोलणं झालं. पुरी पेटी घ्यायची, पेटी फोडून थोडा माल मिळणार नाही. नाशकात एकाच दुकानाला द्यायचा बेत आहे, आणि पहिला मान तुमचा, कारण बुधवारच्या बाजारात काकींचं नाव आहे. तुम्ही नाही म्हणालात तर समोरच्या दुकानाशी बोलणार. "विचार करा शेठ. पुढच्या फेरीला येतो तवा सांगा," असं म्हणून त्यांनी नमुना म्हणून दोन्ही हातांना पुरतील इतक्या बांगड्या ठेवल्या आणि ते गेले.

तेव्हापासून आमच्या घरात जेवताना दुसरा विषय नव्हता. पेटी घ्यायची की नाही. दादांची अडचण अशी, की जी वस्तू मोडत नाही ती विकून दुकान चालणार कसं? "आज बाई घेऊन गेली, की परत येणार कधी? तिच्या लेकीच्या लग्नात?" ते म्हणायचे. पुढच्याच घासाला म्हणायचे, "पण आपण नाही घेतला आणि समोरच्यानं घेतला, तर आजच कोण येणार?" आमटी निवून जायची. आई मात्र व्यापाराचं बोलायची नाही. तिचं म्हणणं एकच होतं, "मी परक्या लेकीच्या हातात भरायची, ती आधी आपल्या लेकीच्या हातात भरून बघू द्या." ही तिची जुनी पद्धत. नवा माल आला की तो आधी घरातल्या हातावर. त्या हातानं धुणं-भांडी करायची, शेण सारवायचं, आणि रंग गेला नाही, हाताला काही झालं नाही, तरच तो पिंपळाखाली जायचा. आजवर ही परीक्षा आईच्याच हातावर व्हायची. पण नमुन्याचं माप लहान होतं, आणि मी अजून पोर. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, अक्का माहेरी आली आणि प्रश्न सुटला.

अक्का येवल्याला दिलेली. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. दाजींचं भांड्यांचं दुकान होतं. दाजी बोलायला लाजायचे आणि आम्हा पोरींना बघून मिशीतल्या मिशीत हसायचे, एवढंच मला त्यांच्याबद्दल आठवतं. आणखी आठवायला हवं होतं असं वाटतं, पण माणूस जाणार आहे हे ठाऊक असतं तर आपण नीट बघितलं असतं ना! अक्का आली त्या दुपारी आईनं तिला चुलीपाशी बसवलं, हाताला गोडं तेल लावलं आणि तिच्या काचेच्या बांगड्यांच्या मधोमध त्या गुलाबी बांगड्या भरल्या. चापून. अक्कानं हात नाकाशी नेला. "आई, कापराचा वास येतोय गं." कचकडा चोळला की तसा वास येतोच. आई म्हणाली, "मग बरंच की, देवघराचा वास." अक्का वाकली, आईनं नेहमीचा आशीर्वाद दिला.

ती आखाजी मला जिभेवर आठवते. खापरावरचे मांडे, पाट्यावर वाटलेलं पुरण, पायलीच्या पातेल्यात आंब्याचा रस, आणि तळलेल्या कुरडया, ज्या मी परकराच्या ओच्यात चोरून न्यायची. लिंबाला झोका बांधलेला होता. अक्का झोक्यावर उभी राहून असा झोका चढवायची, की खालून आई ओरडायची. त्या धसमुसळेपणात तिच्या काचेच्या बांगड्या एक एक करत वाढवल्या गेल्या, आणि थोड्याच दिवसांत तिच्या हातात फक्त कचकडा उरला. आईच्या लक्षात आलं होतं, पण परीक्षा चालली होती ना! आणि कचकड्याला ओरखडादेखील नव्हता. फक्त एक झालं. अक्का वाजेनाशी झाली. दादा गल्ल्यावरून हाका मारायचे, "अक्का कुठं आहे?" आणि अक्का त्यांच्या मागंच चहा घेऊन उभी असायची. दादा दचकायचे आणि आम्ही हसायचो. त्या हसण्याचा मला पुढं फार राग आला.

बुधवारी अक्का आईबरोबर बाजारात गेली आणि पिंपळाखाली गर्दी झाली. बायका आईच्या माळांकडं बघेनात, अक्काचा हात ओढून बघायला लागल्या. कुणी नख लावलं, कुणी दातानं चावून बघितलं. मळ्यात भाजी पिकवणारी एक दांडगी बाई म्हणाली, "मावशे, या मला दे. खुरपताना काच ऱ्हातच नाय हातात. आठ दिसात रिकामे हात, आन सासू शिव्या देती." आई म्हणाली, "अजून यायच्यात." पण घरी आल्यावर पाय धुता धुता ती दादांना म्हणाली, "घेऊन टाका पेटी. बायकांचे हात कधी रिकामे राहायचे नाहीत. यापेक्षा चांगलं काय भरणार मी?" दादांनी मान डोलावली. इतके दिवस अडलेली गोष्ट अशी उंबऱ्यात उभ्या उभ्या ठरून गेली आणि आम्ही सगळे हलके झालो.

पुढच्याच आठवड्यात येवल्याहून एक साळी नाशकाला पैठणी पोचवायला आला, तो वाट वाकडी करून आमच्याकडं आला. दाजींना ताप आला होता. मुदतीचा असावा, असं तिकडचे वैद्य म्हणत होते. सुनेला पाठवून द्या, असा सासूचा निरोप होता.

अक्काचं बोचकं बांधून झालं. आई तिचे हात हातात घेऊन बसली. सासरी परतणाऱ्या लेकीच्या हातात हिरवी काच हवीच, ती तिनं भरली. मग तिचा हात त्या गुलाबी बांगड्यांवर थांबला. नमुन्याचा माल, काढून घ्यायला हवा होता. पण घरधनी आजारी पडलेला असताना बाईच्या हातातून बांगडी उतरवायची? कुणाची जीभ तरी वळली असती का तसं सांगायला? आई दादांकडं बघत होती, दादा आईकडं. शेवटी दादा म्हणाले, "असू दे. अखंड राहणारी वस्तू आहे, शकुनाचीच म्हणायची." आईनं हात सोडला. यात कोण चुकलं, याचा हिशेब मी आयुष्यभर केला. कुणीच चुकलं नाही, असंच उत्तर येतं, आणि त्याचाच जास्त त्रास होतो.

दादा तिला पोचवून आले. मग रोज वाट बघणं सुरू झालं. आई दिवसातून कितीदा तरी गंगेला हात जोडायची, काळारामाला नवस बोलायची, एकदा तर मगनभाईंनी दुकानात विसरलेल्या छत्रीकडं बघून म्हणाली, "हा माणूस पुन्हा न येवो." मला त्याचा अर्थ कळला नाही. आई पुढचं बघत होती, की नुसती घाबरली होती, कुणास ठाऊक. एका सकाळी येवल्याहून माणूस आला. तो फक्त "चला" म्हणाला. मी लहान, मला ठेवायचं कुणाजवळ म्हणून मलाही नेलं. मनमाडपर्यंतच्या गाडीत दादा खिडकीबाहेर बघत होते आणि आई माझी वेणी सोडत होती, परत घालत होती, परत सोडत होती.

आम्ही पोचलो तेव्हा दाजींना अंगणात घेतलेलं होतं आणि अक्काला दारात बसवलेलं होतं. चार विधवा बायका तिच्याभोवती होत्या. त्या वेळी सवाष्णींनी पुढं व्हायचं नसतं, म्हणून आईला अंगणाच्या कोपऱ्यातच कुणी तरी धरून ठेवलं. मी आईच्या पदरामागून बघत होते. हिरवी काच एका दणक्यात गेली. मग त्यातल्या एकीनं दगड उचलून परत घातला आणि तो उडाला. कचकडा दबला आणि पुन्हा गोल झाला. तिनं परत घातला. परत. अक्काचा हात उंबऱ्यावर धरलेला होता आणि प्रत्येक घाव बांगडीवरून निसटून मनगटाला लागत होता. अक्का आधी रडत होती, ती आता दुखण्यानं ओरडायला लागली, आणि बायकांना वाटलं शोकानंच ओरडतेय, म्हणून त्या जास्तच जोर लावायला लागल्या.

"आगं, ह्या फुटंना की! कसल्या हायेत ह्या?"

"माहेरच्या हायेत. कासाराच्या घरच्या."

"अडकित्ता आना कुनीतरी."

"आवो, तिची आई आली ना? कासारीन हाय ती. तिनं भरल्या, तिलाच काढू द्या."

सगळ्यांच्या माना आईकडं वळल्या. ज्यांनी तिला धरून ठेवलं होतं, त्यांनीच तिला सोडलं. आई चालत गेली आणि अक्कासमोर बसली. कुणीतरी तेलाची वाटी दिली. आईनं अक्काचा सुजलेला हात मांडीवर घेतला, तेल लावलं, अंगठ्याच्या बुडाला दाबलं, बोटं एकत्र मिटली. मी हे बुधवारच्या बाजारात हजारदा बघितलं होतं. फक्त बांगडी उलट्या दिशेनं येत होती. आईनं आयुष्यात कुणाच्या हातातली बांगडी उतरवली नव्हती, आणि तरी तिचे हात ते जाणत होते, याचं मला भय वाटलं. एक एक करत सगळ्या आल्या. कापराचा वास येत होता, बांगड्यांचा की अंगणात पेटवलेल्या कापराचा, मला सांगता येणार नाही.

शेवटची बांगडी उतरली आणि आईनं हात सोडला. आणि अक्का वाकली. आईनं हात सोडला की वाकायचं, हे तिच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं होतं. तिला भान नव्हतं, तिचं अंग आपलं आपण वाकलं. तिनं कपाळ आईच्या पायांवर ठेवलं आणि वाट बघत तशीच राहिली. आईचे ओठ हलले. जे शब्द झोपेतही येतील असं मला वाटायचं, ते तोंडापर्यंत आले असणार, कारण तिनं पटकन पदराचा बोळा तोंडात कोंबला. अक्का खाली वाकलेली आणि आई वर गुदमरलेली. बाहेर पुरुष "उचला, उचला" म्हणत होते. मी ऐंशीच्या पुढं आहे. या जगात मी पुष्कळ मरणं बघितली, पण यापेक्षा लाचार काही बघितलं नाही.

सासरचे म्हणाले, पोर अजून लहान आहे, तुमच्याकडंच राहू द्या. अक्का कायमची घरी आली. मधल्या खोलीत बसून ती बांगड्या मापानं लावायची, कारण सवाष्णीच्या हातात भरायला तिला चालत नव्हतं. दादा आता विचारत नव्हते, अक्का कुठं आहे म्हणून.

मगनभाई ठरल्याप्रमाणं आले. त्यांना काही माहीत नव्हतं. आई म्हणाली, "नको. आमच्या दारात नको ती पेटी." दादा नुसते छत्री त्यांच्या हातात देऊन उभे राहिले. बुधवारच्या बाजारात बायका दर खेपेला विचारत होत्या, समोरचा दुकानदार कट्ट्यावर उभा राहून आमच्याकडंच बघत होता, आणि घरात आता जन्माचं एक माणूस वाढलं होतं. दादांची नजर मधल्या खोलीकडं गेली. ती आईनंही पाहिली आणि पडद्याआडून अक्कानंही.

"घ्या दादा," अक्का आतूनच म्हणाली. "माझ्यापायी बाजार सोडू नका. बायकांना हव्यात तर द्या."

"अगं, पण..." आई म्हणाली.

"मला त्यांचं काही नाही गं आई. बांगडीला काय कळतं?"

दादांनी पेटी घेतली. मगनभाईंनी पेढे आणले होते, ते कुणी उघडले नाहीत. अक्कानंच त्या बांगड्या मापानं लावल्या, रंगावार माळा केल्या. पुढच्या बुधवारी आई पिंपळाखाली बसली आणि दुपारच्या आत निम्मी पेटी गेली.

मी तिच्याजवळ बसून बघत होते, आणि माझ्या हळूहळू लक्षात यायला लागलं. काचेची बांगडी आई पूर्वीसारखीच चापून भरत होती. कचकड्याची घ्यायची वेळ आली, की हात धरून माप जोखायची, माळेकडं हात न्यायची, आणि एक माप मोठी उचलायची. ती मळेवाली बाई आली. हात हलवून म्हणाली, "मावशे, ह्या ढिल्या व्हत्यात. वघळत्यात बघ." आई म्हणाली, "असू दे बाई. या अशाच घालायच्या असतात." बाई वाकली, तशी आई तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "सुखात राहा." बस, एवढंच. काचेला जुना आशीर्वाद, कचकड्याला हा. दादांनी बघितलं, पण त्याबद्दल घरात कुणी कधी बोललं नाही. पुढं बाजारात बोभाटा झाला, की कासारणीची नजर गेली, माप चुकतं. समोरच्यानंही दुसरीकडून कचकडा आणला, तिथं चापून मिळतात म्हणून काहीजणी तिकडं गेल्या. आईनं नाव घालवलं, पण माप बदललं नाही.

माझ्या लग्नात सासरच्यांनी कचकड्याचा चुडा हवाच म्हणून हट्ट धरला, तेव्हा तीच फॅशन होती. आईनं हिरवी काच चापून भरली आणि कडेनं कचकडा. मी वाकले, तर मला दोन्ही आशीर्वाद दिले, आधी एक, मग दुसरा. सासरी पहिल्याच दिवशी भांडी घासताना माझा कचकडा हातातून ओघळून राखेत पडला. सासूबाई सगळ्यांच्या देखत हसल्या, "कासाराच्या घरची लेक, आणि बांगडी सैल! आईला माप घेता येत नाही वाटतं?"

मी बांगडी राखेतून उचलली, धुतली आणि परत हातात घातली. तिला घालायला तेलही लागलं नाही.